आधीच ठरलंय की आपण ठरवायचं? कॅल्विन, वेस्ली, मोलिना: कोणाचं पटवून घ्यायचं

हल्ली मुंबईतल्या मराठी मंडळ्यांमधली बरीच पोरं रविवारी आपल्या घरच्या चर्चला, भायखळा, माहीम, कुलाबा जिथलं असेल तिथे, आईबापांसोबत उपासनेला बसतात आणि आठवडाभर लोकलमध्ये कानात इअरफोन घालून अमेरिकन रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले, प्रीचर ऐकतात. मग काही महिन्यांत प्रश्न सुरू होतात. देवाने जग बनवायच्या आधीच कोणाला तारायचं ते निवडलंय तर मी प्रभूला स्वीकारलं म्हणजे नक्की काय केलं, आणि ज्याला निवडलंच नाही त्याचा दोष काय, आणि आमचे पाळकसाहेब ह्यावर कधी बोलतच नाहीत म्हणजे त्यांना माहीत नाही की मुद्दाम टाळतात, आणि आता मी मंडळी बदलू का. ह्यावरून घरात जेवता जेवता वाजतं, आई रडते, बाप म्हणतो तुझे आजोबा काय मूर्ख होते का. तर ज्याला खरंच ठरवायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय. माझा कल कुठे आहे तेही सांगणार, न्यूट्रल असल्याचं नाटक जमत नाही मला.

आधी एक गैरसमज काढू. पूर्वनिवड म्हणजे सटवाईने पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहून ठेवलेलं नशीब नव्हे. सटवाईचा लेख कसा, तुम्ही डावीकडे पळा नाहीतर उजवीकडे, जे व्हायचं ते होणारच, तुमच्या करण्या-न करण्याला किंमत शून्य. कट्टरातला कट्टर कॅल्विनिस्टसुद्धा, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्विन ह्या सुधारकाची शिकवण मानणारा, असं म्हणत नाही. तो म्हणतो देव शेवट ठरवतो तसा त्या शेवटाकडे जाणारा रस्ताही ठरवतो, आणि तुमची प्रार्थना, तुमचा पश्चात्ताप, तुम्ही मित्राला सांगितलेली सुवार्ता, हे सगळं त्या रस्त्यातच येतं. त्यामुळे "मग प्रार्थना करायचीच कशाला" हा टोमणा मारून कॅल्विनला हरवलं असं वाटत असेल तर तसं नाहीये.

दुसऱ्या बाजूचाही गैरसमज आहे. स्वतंत्र इच्छा मानणारे म्हणजे माणूस स्वतःच्या जोरावर तरतो असं मानणारे, हेही खोटं. तसं म्हणणारा होता पेलाजियस नावाचा एक जुना शिक्षक, आणि त्याचं मत ४१८ सालीच कार्थेजच्या परिषदेत फेटाळलं गेलं. नंतर ५२९ ला ऑरेंज गावच्या परिषदेत अजून स्पष्ट झालं की विश्वासाची पहिली हालचालसुद्धा देवाच्या कृपेनेच होते, आणि त्याच परिषदेने हेही सांगितलं की देवाने कोणाला वाईटासाठी नेमलंय असं म्हणणाऱ्याचा आम्ही धिक्कार करतो. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवा. खाली ज्यांची नावं येणारेत ते सगळे कृपा आधी हे मानतात. भांडण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, की ती कृपा माणसाला नाकारता येते का, आणि देवाने निवडलं ते कशावरून.

आता शास्त्रातला एकच उतारा घेऊ आणि तो प्रत्येकाकडून वाचून घेऊ, म्हणजे फरक पटकन कळतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, जहाज वादळात सापडलंय, जहाजावर २७६ माणसं आहेत. देवदूत पौलाला रात्री सांगतो की जहाज जाईल पण माणूस एकही मरणार नाही. म्हणजे ठरलं, देवाचा शब्द आहे. आणि मग काही ओळींनंतर खलाशी गुपचूप होडी पाण्यात सोडून पळायला बघतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो की ही माणसं जहाजावर थांबली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. आता सांगा, सगळे वाचणार हे ठरलेलं होतं तर "नाहीतर वाचणार नाही" हे कुठून आलं?

कॅल्विन

कॅल्विनिस्ट वाचतो: देवाने सगळ्यांचं वाचणं ठरवलं, पौलाने इशारा देणं ठरवलं, शिपायांनी दोर कापणं ठरवलं. इशारा खरा होता, कारण इशाऱ्यामुळेच ते घडणार होतं. आणि शिपायांनी दोर कापले ते कोणी हात पिरगाळला म्हणून नाही, त्यांना जगायचं होतं म्हणून. म्हणजे स्वतंत्रच होते. इथे "स्वतंत्र" म्हणजे काय ते नीट बघा, पूर्ण तुलना ह्यावर उभी आहे. ह्या मताप्रमाणे तुम्हाला जे हवं ते तुम्ही केलंत, बाहेरून जबरदस्ती झाली नाही, एवढं झालं की तुम्ही स्वतंत्र. हवं ते का हवं झालं, त्याचं मूळ कुठे, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आड येत नाही. न्यू इंग्लंडचा अमेरिकन पाळक जॉनथन एडवर्ड्सने १७५४ मध्ये हे फार बारकाईने मांडलं, की माणूस प्रत्येक वेळी आपल्या सगळ्यात जोरदार इच्छेप्रमाणेच वागतो. प्रॉब्लेम हा की पापामुळे आपल्याला देव हवासाच वाटत नाही. मग देव काही लोकांचं मनच नवीन करतो आणि ते आपणहून, आनंदाने येतात. फरफटत नाही आणत.

हे सगळं फक्त कॅल्विनच्या डोक्यातून निघालेलं नाही, जुन्या चर्चमधल्या बिशप ऑगस्टीनपासून चालत आलंय, ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मस ह्या विद्वानाला उत्तर देताना तर कॅल्विनइतकंच कडक लिहिलं होतं. पण नाव चिकटलं कॅल्विनला. यूट्यूबवर जे "ट्युलिप" (इंग्रजी आद्याक्षरांवरून) म्हणून पाच मुद्दे सांगतात, माणूस पूर्ण बिघडलेला, निवड बिनशर्त, ख्रिस्ताचं प्रायश्चित्त निवडलेल्यांसाठीच, कृपा न नाकारता येणारी, आणि निवडलेले शेवटपर्यंत टिकणारच, ते कॅल्विनने लिहिलेली यादी नाहीच. तो वारला १५६४ ला. हे मुद्दे आले हॉलंडमधल्या डॉर्टच्या परिषदेतून, १६१८-१९, आणि तेही समोरच्या पार्टीने, म्हणजे आर्मिनियसच्या (त्याच्याबद्दल खाली) अनुयायांनी, १६१० ला पाच मुद्दे मांडले होते त्याला उत्तर म्हणून. त्या परिषदेत राजकारण किती होतं विचारू नका, हरलेल्या बाजूचा मोठा पुढारी ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्याचं १६१९ च्या मे महिन्यात डोकं उडवलं. अर्थात त्यामुळे मुद्दे चुकीचे ठरत नाहीत, पण "हा नुसता बायबलचा निकाल आहे बाकी काही नाही" असं कोणी छाती ठोकून सांगायला लागलं की मला हे आठवतं.

आणि मुंबईला हे मत अमेरिकन व्हिडिओंनी आणलेलं नाही हेही ऐकून घ्या. १८१३ ला गॉर्डन हॉल वगैरे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढे जे अमेरिकन मराठी मिशन झालं ते न्यू इंग्लंडच्या, एडवर्ड्सच्याच परंपरेतल्या लोकांनी उभं केलेलं. जॉन विल्सन, ज्यांचं नाव आज चौपाटीच्या कॉलेजला आहे, ते १८२९ ला आले स्कॉटिश प्रेस्बिटेरियन म्हणून, म्हणजे वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र मानणारे. त्या १६४६ च्या विश्वासपत्रात एक वाक्य आहे त्याचा आशय असा, की देव जे घडतं ते सगळं ठरवतो, पण त्यामुळे तो पापाचा कर्ता ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. तेव्हा ज्या पोराला वाटतं की आपल्याला काहीतरी गुप्त ज्ञान सापडलंय जे आजोबांना माहीत नव्हतं, त्याने आधी आजोबांची मंडळी कोणी स्थापन केली ते बघावं.

जमेची बाजू मान्य करायला पाहिजे. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, रोमकरांस ८ मधली ती साखळी, ज्यांना नेमलं त्यांना बोलावलं, ज्यांना बोलावलं त्यांना नीतिमान ठरवलं, योहान ६ मध्ये पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, हे सगळं सरळ वाचलं तर कॅल्विनकडेच झुकतं. आणि विश्वास ठेवल्याचं क्रेडिट माणसाला शून्य मिळतं, हे त्याचं सौंदर्य. अडचण कुठे? येशू यरुशलेमकडे बघून म्हणतो कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुम्हाला घ्यायची माझी कितीदा इच्छा होती पण तुमची नव्हती, मत्तय २३. इथे कॅल्विनिस्टाला सांगावं लागतं की देवाच्या इच्छा दोन प्रकारच्या, एक सांगितलेली आणि एक गुप्त. मला हे वाचताना नेहमी टोचतं. देव जाहीरपणे रडतोय आणि आतून वेगळंच ठरवलंय, असं चित्र होतं, आणि ते टाळण्यासाठी जी वाक्यं लागतात ती फार लांब असतात.

वेस्ली, म्हणजे मुळात आर्मिनियस

आर्मिनियस हा डच धर्मशास्त्री, स्वतः जिनिव्हाला कॅल्विनच्या वारसाकडे, बेझाकडे शिकलेला माणूस. १६०९ ला वारला, डॉर्टच्या आधीच, त्यामुळे त्याच्यावरचा खटला त्याच्या मागे चालला म्हणा ना. त्याच्या बाजूने म्हणणं असं: माणूस स्वतःहून देवाकडे वळू शकत नाही, मान्य. पण देव सगळ्यांना, खरंच सगळ्यांना, आधीच एवढी कृपा देतो की हो किंवा नाही म्हणता येईल. पुढे मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ह्या "आधी येणाऱ्या कृपेवर" सगळं उभं केलं. निवड आहे, पण देवाने कोण विश्वास ठेवणार हे आधीच बघून निवडलंय. आणि "स्वतंत्र" ह्याचा अर्थ इथे वेगळा, त्याच क्षणी, त्याच परिस्थितीत, तुम्ही दुसरं काही करू शकला असता तरच तुम्ही स्वतंत्र.

जहाजाची गोष्ट तो कशी वाचतो? खलाशी खरंच पळू शकले असते. देवाला माहीत होतं ते पळणार नाहीत, पण माहीत असणं म्हणजे घडवणं नव्हे. बोएथियस नावाच्या रोमन विचारवंताने सहाव्या शतकात, तुरुंगात मरणाची वाट बघत असताना, हेच मांडलं होतं की देव काळाच्या बाहेर आहे, आपल्याला जे उद्या ते त्याच्यासमोर आत्ताच आहे, आणि कोणी आपल्याला बघतंय म्हणून आपण चालत नसतो. लॉजिक चांगलं आहे. पण एक भोक राहतं. देवाने नुसतं बघितलं की खलाशी थांबणार, तर त्या बघण्याचा उपयोग काय? बघितलेलं बदलता तर येणार नाही, नाहीतर ते बघितलेलं खोटं ठरेल. मग देव इतिहास चालवतो कसा? माझा कल ह्या बाजूला असूनही सांगतो, ह्याला वेस्लीकडे धड उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर वेस्लीला त्यात इंटरेस्टही नव्हता, तो घोड्यावर बसून गावोगाव सुवार्ता सांगत फिरणारा माणूस.

वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफिल्ड ह्यांचं ह्याच विषयावरून फाटलं. जिवलग मित्र, दोघेही प्रचारक, एकाच धर्मजागृतीत काम केलेले. वेस्लीने १७३९ ला पूर्वनिवडीविरुद्ध कडक प्रवचन दिलं आणि छापलं, व्हाइटफिल्ड कॅल्विनिस्ट, त्याने जाहीर पत्राने उत्तर दिलं. पण १७७० ला व्हाइटफिल्ड वारला तेव्हा लंडनला त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच दिलं. ज्यांना घरात भांडायचंय त्यांनी निदान एवढं तरी वाचून भांडावं.

मुंबईत मेथॉडिस्ट काम सुरू झालं अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर १८७१ ला इथे आल्यावर. त्यात एक माणूस मला फार आवडतो, जॉर्ज बोवेन. हा १८४८ ला त्याच अमेरिकन मिशनकडून मुंबईत आला होता, नंतर पगार सोडून बाजारवस्तीत अगदी साधा राहिला, वर्तमानपत्र चालवलं, आणि टेलर आल्यावर मेथॉडिस्टांत गेला. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतून आर्मिनियनांत गेलेला माणूस आपल्याच शहरात आहे आणि त्याच्यासाठी आकाश कोसळलं नाही.

आता रोमकरांस ९, कारण इथे आल्याशिवाय कोणताही रिफॉर्म्ड मित्र तुम्हाला सोडणार नाही. याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला, मुलं जन्मायच्या आधीच, बरंवाईट काही करायच्या आधीच. फारोचं मन कठीण केलं. कुंभाराला मातीवर हक्क नाही का. एकदम वाचलं तर माणूस गप्प बसतो. पण पौल हे शब्द आणतोय कुठून ते बघा. याकोब-एसाव हे वाक्य मलाखीच्या पहिल्या अध्यायातलं, आणि तिथे ते दोन माणसांबद्दल नसून इस्राएल आणि अदोम ह्या दोन राष्ट्रांबद्दल आहे. कुंभाराचं चित्र यशयातही आहे, पण सगळ्यात सविस्तर आहे ते यिर्मया १८ मध्ये, आणि तिथे देव म्हणतो की एखाद्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो आणि ते राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत बदलीन. म्हणजे तिथली माती ऐकणारी माती आहे! आणि पौलाचा प्रश्नही ९ ते ११ असा तीन अध्यायांचा आहे, की देवाने इस्राएलला टाकलं का, आणि शेवटी ११ व्या अध्यायात उत्तर येतं की तोडलेल्या फांद्या परत कलम होऊ शकतात, आणि तुम्ही कलम केलेले आहात तर गर्व करू नका, तुम्हीही तोडले जाल. फक्त ९ वा अध्याय कापून वाचला तर कॅल्विन जिंकतो, तिन्ही सलग वाचले तर मॅच बरोबरीत येते, माझ्या मते वेस्ली थोडा पुढे. कॅल्विनिस्टाचं ह्यावर उत्तर असतं की राष्ट्रं माणसांचीच बनतात आणि पौल "मला असं का घडवलंस" हे एका माणसाच्या तोंडी घालतो, आणि ते उत्तर हलकं नाहीये, त्यावर विचार करा.

मोलिना

हा सगळ्यात हुशार पर्याय, आणि प्रोटेस्टंटांना उशिरा कळलेला. लुइस दे मोलिना, स्पॅनिश जेझुइट, पुस्तक आलं १५८८ ला लिस्बनहून. म्हणजे आपल्याकडच्या झेवियर्स कॉलेजचे फादर ज्या संघाचे त्याच संघाचा. त्याचं म्हणणं असं की देवाला तीन गोष्टी माहीत असतात. एक, काय काय होऊ शकतं. तीन, काय होणारच आहे. आणि ह्या दोन्हींच्या मधली दुसरी, की अमुक माणसाला तमुक परिस्थितीत ठेवलं तर तो स्वतःच्या मर्जीने काय करील. हे मधलं ज्ञान वापरून देव ठरवतो कोणतं जग निर्माण करायचं. म्हणजे सगळं देवाच्या ताब्यातही आणि माणूस स्वतंत्रही.

शास्त्रात आधार? १ शमुवेल २३. दावीद कईला गावात आहे, देवाला विचारतो शौल इथे येईल का, देव म्हणतो येईल. विचारतो गावचे लोक मला त्याच्या हाती देतील का, देव म्हणतो देतील. मग दावीद गाव सोडून निघून जातो, शौल येत नाही, कोणी कोणाला हाती देत नाही. म्हणजे देवाला जे घडलंच नाही ते घडलं असतं तर काय झालं असतं तेही माहीत. जहाजाच्या गोष्टीत तर हे एकदम फिट बसतं. पौल इशारा देईल तर शिपाई दोर कापतील, नाही देणार तर नाही, देवाला दोन्ही ठाऊक आणि त्याने पौलाला तिथे ठेवला.

जेझुइट आणि डॉमिनिकन ह्या दोन कॅथलिक संघांत ह्यावरून इतकं पेटलं की पोपने १५९८ पासून खास मंडळ बसवलं, नऊ वर्षं चाललं, आणि १६०७ ला पाचव्या पॉलने निकाल काय दिला? निकाल दिलाच नाही. दोघांनीही आपापलं शिकवा, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, बस. मला हा चर्चच्या इतिहासातल्या शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. कॅथलिकांना म्हणूनच ह्या प्रश्नाचा तेवढा ताप नाही, वसईच्या कोणत्या मित्राला विचारून बघा, डॉमिनिकनांच्या अक्वायनसच्या मार्गाने जा नाहीतर मोलिनाच्या, मिस्सा तीच.

मग मी मोलिनावाला का नाही? दोन कारणं. एक तर जो माणूस अजून निर्माणच झाला नाही, तो "असं झालं तर असं करील" हे खरं कशामुळे? देवाने ठरवलं म्हणून म्हटलं तर परत कॅल्विन, माणसाने ठरवलं म्हणावं तर माणूस अजून नाहीच. दुसरं म्हणजे ह्या गणितात देव एखाद्या बुद्धिबळवाल्यासारखा दिसायला लागतो, चाली सगळ्या पाठ, आणि मी कोणत्या पटावर असायचं ते मला कोणी विचारलेलं नाही. तरी ज्याला दोन्ही हवंच आहे, पूर्ण ताबाही आणि पूर्ण मर्जीही, त्याने विल्यम लेन क्रेगचे व्हिडिओ बघावेत, तो आज प्रोटेस्टंटांत ह्याचा मोठा वकील आहे.

चौथा एक पर्याय आहे, की भविष्य अर्धं मोकळंच आहे आणि जे अजून ठरलंच नाही ते देवालाही ठरलेलं म्हणून माहीत नाही. १९९४ नंतर धर्मशास्त्री क्लार्क पिनॉक वगैरे मंडळींनी हे जोरात मांडलं. योना आणि निनवे, हिज्कीयाला वाढवून दिलेली १५ वर्षं, ह्या देवाने बेत बदलल्याच्या गोष्टी ह्यात छान बसतात. पण पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारील हे येशूने आधी सांगितलं त्याचं काय करायचं? मला किंमत फार जास्त वाटते, आणि मुंबईत एकही मराठी मंडळी हे शिकवत असल्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणून पुढे जातो.

आजीचं काय

वचनांची लढाई संपत नाही. म्हणून ह्यातलं प्रत्येक मत आपल्या घरात आणून ठेवा, आणि तेही स्वतःवर नाही. स्वतःवर ठेवलं तर आपण मत औषधासारखं निवडतो, ज्याला आपण घसरू अशी भीती आहे तो कॅल्विन घेतो, ज्याला आपण निवडलेलेच नाही अशी भीती आहे तो वेस्ली घेतो. मत खरं आहे का हा प्रश्न राहतो बाजूला.

आपल्यातल्या कितीतरी घरांत एक आजी असते, नगर, जालना, सोलापूर कुठलीतरी. पोरांनी बाप्तिस्मा घेतला, तिने नाही घेतला. पोरांच्या घरी येऊन राहिली, बाहेरच्या खोलीत प्रार्थना चालली की आत बसून ऐकायची, कधी कधी मधेच "आमेन" म्हणायची तेही उशिरा, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. उपासाला विठ्ठलाचं नाव घ्यायची. आणि एक दिवस गेली. पोरं पुढे शिवडीला आपापल्या माणसांना माती देताना पुनरुत्थानाची वचनं ऐकतात आणि मनात असतं, म्हातारीचं काय.

कॅल्विनिस्ट प्रामाणिक असेल तर म्हणेल, देवाच्या निवडीबद्दल बाहेरून आपण निकाल देऊ शकत नाही, शेवटच्या घटकेला देवाने तिचं मन वळवलं असेल, पण जर ती निवडलेली नव्हती तर ती तिच्याच पापामुळे हरवली आणि देव न्यायीच आहे. ह्यात लॉजिक कुठेही तुटत नाही. पण देवाला तिला वळवता येत होतं, सहज येत होतं, आणि त्याने मुद्दाम वळवलं नाही, हे वाक्य गिळावं लागतं. वेस्लीवाला म्हणेल तिलाही कृपा मिळाली होती, त्या उशिराच्या आमेनमध्येही ती असू शकते, तिने त्या कृपेला काय उत्तर दिलं ते देव जाणे, पण देवाने तिला दार कधी बंद केलं नव्हतं. कॅथलिक माणसाकडे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं १९६४ चं शिकवण आहेच, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात त्यांनाही तारण मिळू शकतं. आता तुम्ही म्हणाल आजीला तर सुवार्ता कानावर पडत होती. पडत होती, पण कानावर पडणं आणि कळणं ह्यात किती अंतर असतं ते सुनेच्या स्वयंपाकघरात बसून ऐकणाऱ्या बाईला विचारा. आणि क्रेगचं एक उत्तर असं आहे की ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोचलीच नाही ते कदाचित असे लोक असतील की पोचली असती तरी त्यांनी मानली नसती. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला होता. सगळ्या खंडांतल्या, सगळ्या शतकांतल्या लोकांबद्दल हे इतक्या सहज म्हणता येतं?

म्हणून माझा कल वेस्लीकडे. वेस्लीकडे सगळी उत्तरं आहेत म्हणून अजिबात नाही. दोन भावांना एकच कृपा मिळाली, एकाने हो म्हटलं एकाने नाही, का, ह्याला तो शेवटी "माणसाने तसं ठरवलं" एवढंच सांगतो, आणि कॅल्विनिस्ट लगेच पकडतो की मग फरक माणसाने पाडला, देवाने नाही. बरोबर पकडतो. कुठेतरी एक न कळणारी गोष्ट ठेवावीच लागते, कॅल्विन ती देवाच्या मनात ठेवतो, वेस्ली माणसाच्या मनात. मला ती माणसाच्या मनात ठेवलेली परवडते. माणसाचं मन न कळणारं आहे ह्याचा अनुभव रोज येतो, आणि देव सगळ्यांवर प्रीती करतो हे वाक्य मला कंसातल्या अटी न टाकता म्हणायचंय.

पण कॅल्विनला पूर्ण सोडूही शकत नाही, आणि कारण आपल्या कॉटेज मीटिंगा. परळच्या एखाद्या चाळीतल्या खोलीत पंधरा माणसं, पंखा फुल स्पीडवर, आणि कोणीतरी साक्ष द्यायला उभा राहतो, दारू सुटलेला माणूस. पक्का मेथॉडिस्ट घरातला. तो कधी असं म्हणतो का की कृपा सगळ्यांना सारखीच होती पण मी तिचा योग्य वापर केला? कधीच नाही. तो म्हणतो मी गटारात होतो, मला यायचं नव्हतं, प्रभूने मला धरून बाहेर काढलं. आणि तोच माणूस पुढच्या वाक्यात शेजारच्या पिणाऱ्याला म्हणतो, ये रे, आज निर्णय घे, उशीर करू नको. मागे बघताना कॅल्विन, पुढे बघताना वेस्ली. फिलिप्पैकरांस २ मध्ये पौलही तेच करतो, आपलं तारण भीत कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात साधून देणारा देव आहे. मधे "पण" नाही, "कारण" आहे.

आता मंडळी बदलायच्या प्रश्नाकडे. तुम्ही सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल तर मुळात तुमच्याच मंडळीत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट अशा धारा १९७० ला नागपूरला एकत्र झाल्या, त्यामुळे तुमचं मत कॅल्विनिस्ट झालं म्हणून कोणी तुम्हाला प्रभुभोजनावरून उठवणार नाही. मेथॉडिस्ट असाल तर शिकवण आर्मिनियन बाजूची आहे, पेंटेकॉस्टल मंडळ्याही बहुतेक तिकडच्याच, त्यामुळे तिथे शिकवायचं काम तुमच्याकडे असेल, संडे स्कूल वगैरे, तर पाळकसाहेबांशी आधी बोला, पोरांवर थेट प्रयोग करू नका. अंधेरी, पवईकडच्या नवीन इंग्लिश रिफॉर्म्ड चर्चमध्ये जायचं असेल तर मेंबरशिपच्या आधी त्यांचं विश्वासाचं निवेदन मागून घ्या आणि तीन गोष्टी त्यात शोधा: ख्रिस्त कोणासाठी मेला, लहान मुलांचा बाप्तिस्मा मानतात का, आणि एकदा तारलेला माणूस हरवू शकतो का. दुसऱ्या मुद्द्याचा पूर्वनिवडीशी थेट संबंध नाही, पण बऱ्याच रिफॉर्म्ड बॅप्टिस्ट मंडळ्या तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा धरणार नाहीत, परत घ्यायला सांगतील, आणि घरी खरा भडका त्यावर उडेल, रोमकरांस ९ वर नाही. आईला ते आधी सांगा.